टोकियोतही 'आपलेच' का पाहायचे?

आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे हल्ली भारतात जाता-येता टोकियोला दोन-चार दिवस थांबतात. उत्तम आहे. पण परत आल्यावर पॉटलकमध्ये वर्णन ऐकावे तर ते असे : बसमधून टॉवर पाहिला, बसमधून देऊळ पाहिले, रात्री पंजाबी हॉटेलात पनीर! एवढ्यासाठी पैसे मोडून टोकियोला कशाला उतरायचे?

जेवणाची अडचण खरी आहे. तिथल्या बहुतेक रश्शांत आणि सॉसमध्ये 'दाशी' असते आणि ती बहुधा सुकवलेल्या माशाची. नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'मासा नको, दाशीही नको' असे जपानीत लिहून खिशात ठेवावे. बौद्ध मठांतले 'शोजिन ऱ्योरी' हे शाकाहारी जेवण महाग पडते, पण एकदा घ्यावेच. आई-वडील बरोबर असतील तर दशम्या, चटणी खुशाल न्या. त्यासाठी सबंध सहल मात्र टूरवाल्याच्या हवाली करू नका. शहरात आगगाडीने हिंडा. सुइका कार्ड पुरते. सात दिवसांचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनांवर गेला. फक्त टोकियोत राहणाऱ्यांनी तो घेऊच नये. आणि हो, डब्यात फोनवर मोठ्याने बोलू नका. तिथे कोणी बोलत नाही.

आता माझा खरा मुद्दा. आसाकुसाचे सेन्सोजी मंदिर सगळेच पाहतात. तिथून दहा-पंधरा मिनिटे चालले की सुमिदा नदीजवळ एका लहानशा टेकडीवर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ लागते. तिथला देव कांगितेन, म्हणजे मुळातला आपला गणपती. मूर्ती कायम पडद्याआड, दर्शन नाही. नैवेद्य मोदकाचा नाही, पांढऱ्या मुळ्याचा! मुळे देवळातच विकत मिळतात. तसेच उएनोच्या तळ्यातल्या देवळात बेंझाइतेन आहे, ती सरस्वती. बेंझाइतेनच्या हाती बहुधा वीणेऐवजी बिवा हे तिकडचे तंतुवाद्य दाखवतात.

असे काही दिसले की आपल्यातले कोणीतरी लगेच म्हणणार, "बघा, सगळे आपल्याकडूनच गेलेले!" गेले खरे, पण बौद्ध धर्माबरोबर, चीनमार्गे, हजारावर वर्षांपूर्वी. त्यानंतर सांभाळले त्यांनी. दुसऱ्याच्या घरी जाऊन 'ही खुर्ची मूळची आमची' म्हणण्यासारखेच हे झाले. इथे वाढणारी आपली मुले हे ऐकतात आणि पाहणेच थांबवतात. सगळे आपलेच असेल तर बघायचे काय उरले? त्यापेक्षा 'गणपतीला मुळा का?' हे कोडे त्यांच्यापुढे टाका. भारतातल्या जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही कधीकधी मुळा दिसतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मोदक आपण लक्षात ठेवला, मुळा विसरलो. मुलांना हे शोधू द्या, आपणही शोधा.

७ जानेवारीला या देवळात मुळ्याचा उत्सव असतो. त्या दिवशी देवापुढचे मुळे शिजवून वर मिसो घालून येणाऱ्यांना देतात. ख्रिसमसच्या सुट्टीत भारतात गेलेली आपली मंडळी त्याच सुमारास परतत असतात. तिकीट काढताना तारीख जमते का पाहा.