साखळी कोणाच्या हातात?

तर झालं असं. दोन-तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारची सकाळ, बॅडमिंटन संपवून आमची टोळी नेहमीच्या टपरीवर चहा पीत होती. हळूहळू एकेक जण पांगला आणि शेवटी मी आणि एक मैत्रीण उरलो. (तिला विचारून लिहितोय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) दुसरा कटिंग हातात घेऊन ती एकदम म्हणाली, "तुला एक विचारू? हसणार नाहीस ना?"

ती चार-पाच महिने एका मुलाला भेटत होती. मुलगा शिकलेला, बोलायला गोड. एका रात्री त्यानं काहीही न विचारता तिच्या गळ्यावर हात ठेवला आणि दाबला. ती घाबरली, हात झटकून टाकला. त्यावर साहेब काय म्हणाले असतील? "अगं, किंक असतं ते. तू जरा ओपन हो."

"हे नॉर्मल असतं का रे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "सोड त्याला." सल्ला काही चुकीचा नव्हता, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. खरं सांगायचं तर मला उत्तर माहीतच नव्हतं. घरी येऊन वाचत बसलो. इंजिनियर माणूस, मॅन्युअल वाचल्याशिवाय चैन पडत नाही. नंतरचे बरेच विकेंड त्यातच गेले. त्या चहाच्या वेळी जे बोलायला हवं होतं ते आज लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या मुलानं जे केलं ते किंक नव्हतंच. त्याला या विषयातला एकच शब्द येत होता, आणि तो त्यानं ढालीसारखा वापरला. बाकीचे चार शब्द तिला माहीत असते, तर ती ढाल तिथल्या तिथे गळून पडली असती. म्हणून, या प्रकारात तुम्हाला काडीचाही रस नसला तरी हे शब्द माहीत असायला हवेत असं मला वाटतं.

आता मुळात किंक म्हणजे काय? दोन (किंवा जास्त) सज्ञान माणसांनी आपखुशीनं, ठरवून केलेला चाकोरीबाहेरचा शृंगार. बांधणं, हुकूम देणं-घेणं, थोडी वेदना, नाटक, वेश... यादी मोठी आहे. त्यातल्या मोठ्या भागाला बीडीएसएम म्हणतात. ज्याच्याकडे सूत्रं असतात तो डॉमिनंट, जो ती सोपवतो तो सबमिसिव्ह, आणि दोन्ही बाजू आवडणारा स्विच. यात बाई-पुरुष असं काही ठरलेलं नाही.

हा आजार आहे का? क्राफ्ट-एबिंग या डॉक्टरनं १८८६ साली ग्रंथ लिहिला तेव्हापासून वैद्यकशास्त्र बराच काळ तसंच मानत आलं. पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये नुसती आवड आणि विकार यांच्यात स्पष्ट रेघ मारली गेली. त्या आवडीमुळे स्वतःला त्रास होत असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, संमती नसलेल्या माणसाला त्यात ओढलं जात असेल, तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात परस्परसंमतीनं होणारा हा प्रकार आजार म्हणून उरलेला नाही. तेव्हा कोणाला हे आवडत असेल तर नाक मुरडायचं कारण नाही.

"हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्याकडे कुठे होतं?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं मागे जाऊ. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नखक्षतं आहेत, दंतक्षतं आहेत, आणि प्रहणन म्हणजे शृंगारातले फटके यावर वेगळा अध्याय आहे. पण मला धक्का बसला तो पुढे. वात्स्यायन तिथे चक्क अपघातांची नोंद देतो! चोल राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका असल्याच एका प्रहारानं मेली. कुंतल देशाचा राजा शातकर्णी सातवाहन, म्हणजे ज्यांची राजधानी आपलं पैठण त्या घराण्यातला, त्याच्या हातून त्याची राणी मलयवती गेली. नरदेव नावाच्या एकाच्या हातून एक नटी एका डोळ्यानं आंधळी झाली. वेगात सुटलेल्या घोड्याला पुढचा खड्डा दिसत नाही, तसं या धुंदीत माणसाचं होतं, असंही तो बजावतो. आमच्या कामात सर्व्हर कोसळल्यावर जो रिपोर्ट लिहितात ना, तोच प्रकार, फक्त सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचा.

आणि त्याच अध्यायात, माझ्या मते, त्या अपघातांच्या मुळाशी असलेला दोष दिसतो. मार बसल्यावर तोंडातून निघणाऱ्या उद्गारांची यादी तो देतो. त्यात 'आई गं' आहे, 'थांब' आहे, 'सोड' आहे, 'पुरे' आहे. हे सगळे शब्द खेळाचाच भाग म्हणून मोजलेले! मग मला सांगा, मलयवतीला खरोखर 'थांब' म्हणायचं असेल तर तिनं कुठला शब्द वापरायचा? तिच्याकडे शब्दच उरला नाही.

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सेफवर्ड. आधी ठरवलेला, त्या प्रसंगाशी काहीही संबंध नसलेला शब्द. 'वांगं' म्हणा, 'पासवर्ड' म्हणा. तो उच्चारला की खेळ तिथेच बंद. बरेच लोक सिग्नलचे रंग वापरतात. हिरवा म्हणजे मस्त चाललंय, पिवळा म्हणजे हळू, जरा विचार, आणि लाल म्हणजे बंद. तोंड बांधलं असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. तो खाली टाकला की लाल.

लोकलच्या डब्यातली साखळी आठवा. गाडी मोटरमन चालवतो, वेग त्याच्या हातात, पण साखळी असते प्रवाशाच्या डोक्यावर. किंकमध्येही सूत्रं डॉमिनंटच्या हातात दिसतात, पण गाडी थांबवायची ताकद सबमिसिव्हकडे असते. (डॉमिनंटलाही सेफवर्ड वापरता येतो, बरं का. त्यालाही नको वाटू शकतं.) रेल्वेशी फरक एकच. तिथे विनाकारण साखळी ओढली तर दंड होतो, इथे दंड नाही. कारण विचारायचं नाही, फुगून बसायचं नाही, 'मूड घालवलास' म्हणायचं नाही. ज्या साखळीला दंड आहे ती कोणी वेळेवर ओढत नाही.

आणि सेफवर्ड ठरलेला नसेल तर? मग 'नको' म्हणजे नकोच. गप्प बसणं, अंग आकसून घेणं, हेसुद्धा नकोच.

आता बाकीचे शब्द. पहिला, निगोशिएशन. म्हणजे आधीचं बोलणं. काय चालेल, काय चालणार नाही, कोणाला दमा आहे का, खांदा निखळलेला आहे का, कुठली गोळी चालू आहे. हे कपडे अंगावर असताना, शुद्धीत, चहा पिताना बोलायचं. दुसरा, लिमिट. हार्ड लिमिट म्हणजे कधीच नाही, चर्चा नाही. सॉफ्ट लिमिट म्हणजे आज नाही, कदाचित पुढे, मला आधी विचार. तिसरा सेफवर्ड, तो झाला. चौथा, आफ्टरकेअर. खेळ संपल्यावर पाणी, पांघरूण, जवळ बसणं, दुसऱ्या दिवशी 'कशी आहेस?' म्हणून फोन. शरीरातली झिंग उतरली की कधीकधी एक-दोन दिवसांनीही रडू येतं, एकदम रिकामं वाटतं. त्याला ड्रॉप म्हणतात. आपल्या हातून काही चुकलं असं समजून माणूस त्यात एकटाच कुढत बसतो, म्हणून नंतरची काळजी घ्यायची.

या मंडळींची दोन ब्रीदवाक्यंही आहेत. न्यूयॉर्कमधल्या एका गे संघटनेच्या १९८३ च्या मसुद्यातून 'सेफ, सेन अँड कन्सेन्शुअल' हे पुढे आलं. सुरक्षित, शहाणपणाचं, संमतीचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी काहींनी हरकत घेतली की शंभर टक्के सुरक्षित असं काही नसतंच, उगाच आव कशाला? त्यांनी 'रॅक' काढलं. धोका काय आहे हे जाणून दिलेली संमती. मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं. ज्याला धोकाच माहीत नाही त्याचा होकार अर्धाच.

म्हणून धोक्यांबद्दल स्पष्टच लिहितो.

गळा. सगळ्यात आधी हाच, कारण आजकाल व्हिडिओ बघून लोकांना तो किरकोळ वाटायला लागलाय. गळा दाबायची सुरक्षित पद्धत नाही. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं की दहाएक सेकंदात शुद्ध जाऊ शकते, आणि ज्याची शुद्ध गेली तो सेफवर्ड कसा म्हणणार? बाहेर वळ न दिसताही आतली रक्तवाहिनी फाटू शकते आणि काही तासांनी, अगदी काही दिवसांनीही, स्ट्रोक येऊ शकतो. गळा दाबला गेल्यानंतर आवाज बसला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, डोकं जबर दुखलं, एका बाजूला अशक्तपणा वाटला किंवा क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, तर लाज सोडून ताबडतोब हॉस्पिटल. डॉक्टरला खरं सांगायचं.

दोरी. गळ्याभोवती कधीच नाही. बाकी ठिकाणी दोरीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. मुंग्या आल्या, बधिर झालं, बोटं गार पडली की लगेच सोडायचं. दंडाच्या बाहेरच्या बाजूनं एक नस जाते, ती दबली तर मनगट लुळं पडतं आणि कित्येक आठवडे तसंच राहू शकतं. ड्रेसिंगची बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवायची, गाठ सोडवत बसायचं नाही. आणि बांधलेल्या माणसाला एकटं सोडून जायचं नाही, दारावर डिलिव्हरीवाला आला तरी नाही.

फटके. मांसल भागावरच. मणका, मान, कान, पोट आणि कमरेच्या वर पाठीच्या दोन्ही बाजू (तिथे मूत्रपिंडं असतात) वर्ज्य.

दारू. प्यायलेल्याचा होकार धरायचा नाही, आणि प्यायलेल्याच्या हातात दोरी द्यायची नाही.

फोटो. काढू देणं वेगळं आणि पुढे पाठवू देणं वेगळं. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमातही हा फरक केलेला आहे. बाईनं असा फोटो काढायला संमती दिली असली तरी तो तिच्या संमतीशिवाय पसरवणं गुन्हा आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडं आणखी. अठरा वर्षांखालच्यांचा होकार कायदा होकार मानत नाही, विषय संपला. सज्ञान माणसांबाबत २५ वं कलम म्हणतं की संमतीनं ओढवून घेतलेली किरकोळ इजा गुन्हा ठरत नाही, आणि उदाहरण देतं तलवारबाजीच्या खेळाचं. पण मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल हे माहीत असेल तर ही ढाल चालत नाही. इंग्लंडमध्ये १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं तर सर्वांची संमती असतानाही काही पुरुषांची शिक्षा कायम ठेवली होती. तात्पर्य, 'तिनंच सांगितलं होतं' हे वाक्य कोर्टात फार लांब नेत नाही.

आणि आता खरी गंमत (की शोकांतिका?) बघा. त्याच संहितेचं ६३ वं कलम संमतीची व्याख्या करताना त्या विशिष्ट कृतीला दिलेला स्पष्ट, स्वेच्छेचा होकार मागतं. नुसता प्रतिकार केला नाही म्हणजे संमती नव्हे, असंही सांगतं. झकास! पण त्याच कलमात अपवाद आहे. अठरा वर्षांवरच्या स्वतःच्या बायकोशी नवऱ्यानं केलेला संबंध बलात्कार मानला जात नाही. म्हणजे सप्तपदी घेतली की कायमचा होकार. ज्यांना आपण 'विकृत' म्हणून हसतो ते लोक दर पायरीला विचारतात, आणि ज्यांना आपण संस्कारी म्हणतो तिथे विचारायची पद्धतच नाही. मला तरी यात विकृत काय ते कळायला वेळ लागला नाही.

"पण यार, एवढी चर्चा केली तर मजा काय राहिली?" एक मित्र म्हणाला. हाच मित्र सिंहगडावर ट्रेकला जाताना व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस मेसेज टाकून डबा कोण आणणार ते ठरवतो. त्यानं ट्रेकची मजा गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

अर्थात ही मंडळी म्हणजे संत, असंही नाही. सगळे शब्द तोंडपाठ असलेला लबाडही भेटू शकतो. 'खऱ्या सबमिसिव्हला लिमिट नसतात', 'माझ्याबरोबर सेफवर्डची गरज नाही', 'एकदा हो म्हणालीस ना, मग आता काय' यातलं एक जरी वाक्य कानावर पडलं तरी चप्पल घालायची आणि निघायचं. नवीन माणसाला आधी चार लोकांत भेटायचं, आणि आपण कुठे आहोत हे एका मित्राला किंवा मैत्रिणीला माहीत असू द्यायचं.

तर आता तिच्या प्रश्नाचं उत्तर, उशिरा का होईना.

नाही, हे नॉर्मल नव्हतं. उद्या तुला स्वतःला यातलं काही करून बघावंसं वाटलं तर त्यातही काही वावगं नाही, तो तुझा प्रश्न. पण त्यानं आधी विचारलं नव्हतं, थांबायचा शब्द ठरवला नव्हता, धोका सांगितला नव्हता, आणि तू घाबरल्यावर तुझी विचारपूस करायची सोडून तुलाच मागासलेली ठरवलं. तू 'ओपन' नव्हतीस असं काही नाही. डब्यात साखळीच नव्हती, आणि तू वेळेवर उडी मारलीस.

असो. पुढच्या शनिवारी चहा माझ्याकडून.