कलम 39 आहे, पण मुलाला उपचाराला नेणार कोण?

मी कर्जतला राहतो. रोज लोकलने ऑफिसला जातो, रात्री उशिरा परततो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मोहल्ल्यातल्या एका खालांनी मला वाटेत थांबवलं. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा एमडीच्या पुडीसह पकडला गेला होता. "तू शिकलेला आहेस, काहीतरी कर," त्या म्हणाल्या. मला काय माहीत? कोणीतरी सल्ला दिला, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय संपवा." आम्ही तेच केलं. दंडाचे पैसे मी भरले. चार दिवसांनी मुलगा पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभा होता.

नंतर मी 1985 चा एनडीपीएस कायदा वाचायला बसलो आणि स्वतःचीच लाज वाटली. अल्प मात्रेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती व्यसनी असेल, तर लगेच शिक्षा न देता, तिच्या संमतीने, तिला बंधपत्रावर सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला पाठवता येतं. हे कलम 39. उपचाराचा अहवाल वर्षभराच्या आत न्यायालयात द्यायचा. कलम 64अ तर सांगतं, की अशा व्यसनी आरोपीने स्वतःहून उपचार घेतले तर त्याच्यावर खटलाच चालणार नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.

हे फक्त कागदावर नाही. 2001 मध्ये कोकेन प्रकरणात अटक झालेला अभिनेता फरदीन खान याला 2012 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने याच 64अ खाली संरक्षण दिलं. त्याच्याकडे हे कलम माहीत असलेले वकील होते. खालांच्या मुलाकडे मी होतो.

अमेरिकेत 1989 साली मायामीमध्ये पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं. तिथे न्यायाधीश आरोपीला ठरावीक दिवसांनी समोर बोलावतात, तपासणीचे अहवाल बघतात, चुकला तर कान धरतात, सुधारला तर शाबासकी देतात. अशी न्यायालयं वाढवण्यासाठी तिथल्या स्थानिक संस्था सरकारकडे रीतसर अनुदान मागतात. आपल्याकडे त्यासाठी नवी इमारत नको. कर्जत आणि खालापूरला न्यायदंडाधिकारी आहेत, कायदा आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत, फंक्शन लिहून ठेवलंय, पण ते कोणी कॉलच करत नाही.

आणि गरज दारात आली आहे. डिसेंबर 2023 मध्ये खोपोलीजवळ एका कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा शंभर कोटींहून जास्त किमतीचं एमडी सापडलं. तो साठा पकडला गेला, म्हणून आपल्या गल्लीतली पुडी बंद झाली नाही.

मग अनुदान कशासाठी मागायचं? तीन गोष्टींसाठी. एक, दोन्ही तालुक्यांसाठी पूर्णवेळ समन्वयक, जो तारखेला कोर्टात हजर राहील, घरच्यांशी बोलेल, अहवाल वेळेत पोहोचवेल. दोन, उपचार केंद्रात राखीव खाटा. तीन, प्रवासाचा आणि उपचारानंतरच्या पाठपुराव्याचा खर्च.

पैसे कुठून? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अमली पदार्थ मागणी घट कृती आराखड्यातून नोंदणीकृत संस्थांना व्यसनमुक्तीच्या कामासाठी अनुदान मिळतं. जिल्हा नियोजन समितीचं दार ठोठावता येतं. कंपनी कायदा 2013 नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि खालापूर तालुक्यात कारखान्यांना तोटा नाही. वकिलासाठी तर पैसेही नकोत. अटकेतल्या माणसाला विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. गरीब घरातल्या मुलाच्या उपचाराला जकातीतून मदत देता येईल का, हे आपल्या उलेमांना विचारू या.

काही जण म्हणतील, यातून विकणारे सुटतील. नाही सुटणार. एमडीची अल्प मात्रा 2 ग्रॅमपर्यंत आहे, आणि ही दोन कलमं त्या मर्यादेतल्या व्यसनी माणसासाठीच आहेत. 50 ग्रॅमच्या वर सापडलं तर किमान 10 वर्षांची शिक्षा तशीच राहते. काही जण म्हणतील, कौम बदनाम होईल. बदनामी लपवण्यातच मुलं हातातून जातात. आणि हा अर्ज फक्त आपल्या मुलांसाठी नको. कातकरी वाडीतला, आगरी पाड्यातला मुलगाही त्याच रांगेत उभा आहे. अर्ज तालुक्याच्या नावाने जाऊ दे. मंजूर होण्याची शक्यताही त्यानेच वाढेल.

दरवर्षी 26 जूनला आपण नशाविरोधी शपथ घेतो, फोटो टाकतो. या वर्षी त्याऐवजी अर्ज लिहू या. मसुदा आणि हिशेबाचा तक्ता मी करतो. मला तुमच्यातले दोन वकील, एक डॉक्टर आणि लेखापरीक्षण नियमित असलेली एक नोंदणीकृत संस्था हवी आहे.

खालांचा मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. तो पुन्हा पकडला गेलाय आणि पुढच्या महिन्यात त्याची तारीख आहे. या वेळी मी दंडाचे पैसे घेऊन जाणार नाही. कलम 39 चा अर्ज तयार ठेवणारा वकील सोबत नेणार आहे. पण त्याच्यासाठी खाट अजून मिळालेली नाही.