पॅच की उपाय?

मंडळी, गाळप हंगामात शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या अडल्या की आपण ट्रॅफिकला शिव्या देतो. खरं नुकसान ट्रॉलीत चालू असतं. तोडलेल्या उसात ल्युकोनोस्टॉक हे जीवाणू शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकटा बनवतात. तोच त्यांच्या बायोफिल्मचा गिलावा. रस बुळबुळीत होतो, साखरेचे दाणे नीट पडत नाहीत.

यावर डेक्स्ट्रानेज नावाचं एन्झाइम आहे. ते डेक्स्ट्रानच्या साखळ्या तोडतं, रस पुन्हा वाहता होतो. पण गेलेली साखर काही परत येत नाही! आणि शेतकऱ्याची एफआरपी ठरते साखर उताऱ्यावर. म्हणजे आमच्या भाषेत हा नुसता पॅच. एन्झाइम जरूर वापरा, पण आधी तोडणीचं वेळापत्रक सुधारा आणि ऊस २४ तासांत गाळा. बघा पटतंय का.