अर्धा कोयता

आमचा एक पुतण्या पुण्यास ‘बिझनेस ॲनालिस्ट’ आहे. म्हणजे तो करतो तरी काय, असें घरांतील वडील मंडळी त्यास दर दिवाळीस विचारतात. गिऱ्हाइकास काय हवें तें नीट विचारून, लिहून काढून, संगणकाची प्रणाली रचणाऱ्यांच्या हातीं द्यावयाचें, हें त्याचें उत्तर. “एवढ्यासाठीं पगार?” आमच्या मातोश्रींचें म्हणणें. खरें सांगावयाचें तर आम्हांसही तसेंच वाटे.

यंदा तो केज तालुक्यांतील आमच्या नांदूरघाटच्या घरीं आला, तो काम घेऊनच. ऊसतोडीचे हिशेब ठेवणारी प्रणाली करावयाची होती. काम सोंपविणाऱ्या कचेरीनें आवश्यकतांची यादी दिली होती: मजुराचें नांव, वय, दिलेली उचल, तोडलेला ऊस टनांत. यादी स्वच्छ होती. पण फडावरचा हिशेब माणशीं होतच नाहीं. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. एकटा असेल तो ‘अर्धा कोयता’. (हत्याराच्या नांवानें माणूस मोजावयाचा!) उचल जोडीच्या कामावर मिळते, पण पडते नवऱ्याच्या हातीं.

गुडघ्यांमुळें आतां फडावर न जाणारी एक बाई आमच्याकडे कामास येते. पुतण्यानें तिला यादी वाचून दाखविली. ती म्हणाली, “दादा, ह्यात माझं नांव कुठं बसवायचं? फडावर कंदी लिहिलंच न्हाई. पण मालक वारले तवा ऱ्हायलेली उचल मीच फेडली की.”

घटकाभर कोणी बोलेना.

सरकारनें 2019 सालीं ऊसतोड कामगारांसाठीं महामंडळ काढलें. 2021 पासून ग्रामसेवकांकरवीं नोंदणी करून ओळखपत्रें देण्याचें ठरलें. तेथें माणूस एकेकटा मोजावा लागतो, हें योग्यच. परंतु हिशेबाच्या वहींतून कोयता काढून टाकला तर जोडीची उचल कोणाच्या नांवावर मांडावी? पुतण्यानें रात्रीं यादी नव्यानें लिहिली: कोयत्यास एक क्रमांक, त्याखालीं दोन नांवें, आणि उचल ज्यानें घेतली त्याचा अंगठा निराळा. पैसे मोजणाऱ्यास विचारलें म्हणजे सर्वांस विचारलें, ही समजूत आमच्याही मनांत होती. ती त्या रात्रीं गेली.

कचेरीचें उत्तर आलें आहे. दुसरें नांव ‘ऐच्छिक’ ठेवावें, असें तींत लिहिलें आहे. पुतण्या भांडतो आहे. आणि मातोश्री दर रविवारीं त्यास फोनवर एकच विचारतात, “चढलें का रे तिचें नांव?”