म्हणे, पारध्याला कसली चिंता!

महालातल्या जुन्या वाड्यांतून दिवाळीच्या फराळाला चार मंडळी जमली, की चकलीबरोबर एक तक्रार हमखास चघळली जाते : कचेरीच्या कामाने माणूस पिचून गेला, रक्तदाब वाढला, झोप उडाली. लगेच कोणीतरी सुस्कारा टाकतो, "त्यापेक्षा पूर्वीचा शिकारी बरा हो! मोकळी हवा, ना साहेब, ना फाईल." नुकतेच ताडोबा पाहून आलेले गृहस्थ तर यावर जोरजोराने मान डोलावतात.

हा शुद्ध भ्रम आहे, आणि तो शिकारकथांनी पसरवला. त्या लिहिणारे बहुतेक हौशी. ते मचाणावर चढत ते भरल्या पोटी. रान उठवायला हाकारे असत. सावज निसटले तर गप्पांना उलट रंगच चढे. ज्याचे पोटच शिकारीवर, त्या फासेपारध्याला कथा लिहायला कोणी सांगितले नाही.

त्याचा दिवस पाहा. तितराच्या वाटेवर फास मांडायचे, तितरासारखी साद घालायची आणि उन्हात निश्चल बसायचे. पाखरू आले नाही, तर पालावर चूल थंड. गावात चोरी झाली, की पहिली धाड त्याच पालावर. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. १९५२ साली तो कायदा गेला. संशयाची नजर गेली नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही संपली. म्हणजे पाखरू मिळाले नाही तर उपास, मिळाले तर तुरुंग! आपली चिंता निदान पहिल्या तारखेला पगार घेऊन येते.

शिकारबंदी उठवा, असे मी मुळीच म्हणत नाही. वाघ राहिला पाहिजे, तितरही. पण हातातला फास काढून घेताना त्या हाताला दुसरे काम द्यायचे कोणी? खुद्द मारुती चितमपल्ली वनाधिकारी असून आदिवासींकडून, पारध्यांकडून अरण्यविद्या शिकले. मध्य प्रदेशात पन्ना येथे पारधी तरुण पाहुण्यांना जंगल दाखवतात. मग मेळघाट-पेंचच्या वाटाड्यांत आणि वनरक्षकांत पारध्यांची मुले हक्काने घ्या, अशी मागणी घेऊन महालातून सिव्हिल लाइन्सच्या वनभवनापर्यंत जायला आपल्याला काय हरकत आहे? लांब नाही, फराळ आटोपून निघता येईल.