घर पक्के, कर कच्चा

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील अवैध बांधकामांवरील शास्ती राज्य सरकारने मार्च २०२३ मध्ये माफ केली, तेव्हा काळेवाडी, थेरगाव, रहाटणी, चिखली या भागांतील हजारो घरांवरचे ओझे उतरले. त्याचा आनंद रहिवाशांना झाला यात नवल नाही. परंतु ज्या रीतीने हा आकार बसविण्यात आला, बदलण्यात आला, पुन्हा बदलण्यात आला आणि अखेर एका निर्णयासरशी नाहीसा करण्यात आला, ती रीत समाधान मानावे अशी खासच नाही. कर जास्त होता की कमी, हा वादाचा एक भाग झाला. ज्याने आयुष्याची कमाई एका गुंठ्यात घातली, त्याला त्या गुंठ्यावर पुढील दहा वर्षांत काय भरावे लागेल याचा अंदाजच करता येऊ नये, हे अधिक गंभीर आहे.

या वसाहती कशा वाढल्या हे ध्यानात घेतल्यावाचून या प्रश्नाचे मर्म कळणार नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या माळावर भूखंड पाडले, टेल्को आणि बजाज यांसारखे उद्योग आले आणि मराठवाडा, खानदेश, सोलापूर, साताऱ्याकडून कामगारांचे लोंढे सुरू झाले. या कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. हेतू उत्तम होता. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या, आरक्षणांच्या रेषा नकाशावर उमटल्या, निगडी-आकुर्डीत नेटके सेक्टर उभे राहिले. मात्र कारखान्यांतील माणसे ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने प्राधिकरणाची घरे वाढली नाहीत. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला सोडतीची वाट पाहत बसणे शक्य नव्हते. पवना ओलांडली की पिंपरीच्या समोरच काळेवाडी होती, आणि तेथे शेतकरी गुंठ्याने जमीन विकावयास तयार होता. संपादनात जमीन जाणार आणि मोबदला केव्हा मिळेल याचा भरवसा नाही, अशा स्थितीत त्यानेही वेगळे काही करावे अशी अपेक्षा धरणे अवघड होते.

१९४७च्या तुकडेबंदी कायद्याने असे लहान तुकडे विकता येत नव्हते. म्हणून व्यवहार झाले ते नोटरीपुढच्या कागदावर, साठेखतावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. अर्ध्या गुंठ्यात दोन खोल्या, मागे मोरी आणि जिन्याची जागा. वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळी. अशा घरांना महापालिकेने पाणी दिले, वीज मंडळाने मीटर बसविला, रस्ते झाले, गटारे झाली, मतदारयादीत नावे आली आणि मिळकतकराची बिलेही नियमाने येऊ लागली. नगररचनेच्या दप्तरात जे घर अस्तित्वात नव्हते, ते करवसुलीच्या दप्तरात चांगले ठळकपणे होते.

या पार्श्वभूमीवर महानगरपालिका अधिनियमात कलम २६७ अ आले. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अवैध बांधकामावर दरवर्षी मिळकतकराच्या दुप्पट शास्ती आकारावी, असा त्याचा आशय. समजा, एखाद्या घराचा कर ४ हजार रुपये असेल, तर त्यावर शास्ती ८ हजार, म्हणजे वर्षाचे देणे १२ हजार. पाच वर्षे हे साचले, तर नुसती शास्तीच ४० हजारांवर जाते. कराची रक्कम थकल्यास त्यावर दरमहा २ टक्क्यांचा विलंब-आकार आणखी निराळा. याच कलमात असेही नमूद आहे की, शास्ती वसूल केली म्हणून ते बांधकाम नियमित झाले असे समजले जाणार नाही. दंड भरूनही गुन्हा कायम राहतो आणि पुढच्या वर्षी त्याच गुन्ह्याचा दंड पुन्हा भरावयाचा, असा हा विलक्षण न्याय होता. वाढत्या बेकायदा बांधकामांना आळा घालणे हा उद्देश असेल, तर तो बिल्डरच्या बाबतीत समजण्यासारखा आहे. तो इमारत विकून मोकळा झालेला असतो. शास्तीचे बिल मात्र घर घेणाऱ्याच्या नावे निघते.

पुढे २०१७ मध्ये ६०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी बांधकामांना शास्तीतून वगळण्यात आले, ६०१ ते १००० चौरस फुटांसाठी ती कराच्या निम्मी झाली आणि त्यावरील बांधकामांना दुप्पटच राहिली. २०१९ मध्ये ही मर्यादा १००० चौरस फुटांवर नेली, त्यापुढील २००० फुटांपर्यंत निम्मी शास्ती ठेवली. २०२३ मध्ये, मूळ कर भरण्याच्या अटीवर, सगळीच माफी झाली. यापैकी २०१७ हे महापालिका निवडणुकीचे वर्ष होते, २०१९ हे लोकसभा आणि विधानसभेचे, आणि चिंचवड विधानसभेची पोटनिवडणूक फेब्रुवारी २०२३ मध्ये होऊन मार्चमध्ये अखेरचा निर्णय निघाला. निवडणुकीमुळे लोकांचे गाऱ्हाणे ऐकले जाते, हे लोकशाहीचे भूषणच मानावयास हवे. परंतु करांचे वेळापत्रक मतदानाच्या वेळापत्रकाला जोडले गेले की नागरिक अर्थसंकल्पाऐवजी आचारसंहितेची तारीख पाहून बिल भरावे की थांबावे हे ठरवू लागतो.

हीच अस्वस्थता सातासमुद्रापलीकडे अशा एका भूमीवर प्रकटली होती, की जी मुळात भूमीच नव्हे. अमेरिकेतील लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ नावाचे आभासी जग संगणकावर खुले केले. तेथे प्रवेश करणारा माणूस पडद्यावर स्वतःची आकृती घेऊन वावरतो, घर बांधतो, दुकान मांडतो, वस्तू विकतो. तेथील चलन खऱ्या डॉलरांत बदलून मिळते. तेथे जमीनही विकत मिळते. ही जमीन म्हणजे कंपनीच्या संगणकांवरची राखीव जागा. पण ती घेणाऱ्याने खरे पैसे मोजलेले असतात आणि तिच्यावर दरमहा देखभाल शुल्कही द्यावयाचे असते. अनेकांनी अशी बेटे घेऊन त्यांचे तुकडे भाड्याने दिले आणि त्यावर उपजीविका चालविली. गुंठ्यांचा धंदा करावयास माती लागतेच असे नाही.

प्रारंभीच्या काळात या जगात वस्तूंवर कर होता. २००३ च्या उन्हाळ्यात तेथील रहिवाशांनी पडद्यावर चहाच्या पेट्या रचून, १७७३ च्या बोस्टनच्या बंडाची आठवण देत, त्याविरुद्ध निदर्शने केली. कंपनीने पुढे तो कर सोडला आणि जमिनीवरील शुल्काची पद्धत आणली. २००६ च्या अखेरीस नव्या बेटांचे मासिक शुल्क १९५ वरून २९५ डॉलर झाले, तेव्हा पूर्वी बेट घेतलेल्यांना मात्र जुनाच दर ठेवण्यात आला. हा विवेक दोन वर्षांनी सुटला. समुद्र, जंगल, मोकळी मैदाने यांसाठी कंपनीने स्वस्तातले ‘ओपनस्पेस’ भूखंड दिले होते. त्यांचे शुल्क महिना ७५ डॉलर. लोकांनी त्यांवर घरे बांधली, भाडेकरू ठेवले आणि संगणकांवर ताण आला, अशी कंपनीची तक्रार होती. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने हे शुल्क एकदम १२५ डॉलर करण्याचे जाहीर केले. मोकळ्या जागेच्या आरक्षणावर घरे उभी राहावीत आणि मालकाने त्यावर जबर आकार बसवावा, हे वाचून काळेवाडीच्या कोणाही रहिवाशाला ओळखीचे वाटेल.

तेथे गदारोळ उठला. कंपनीने या जागा उदार हाताने विकल्या, त्यांवर किती बांधता येईल याची मर्यादाही तिनेच वाढविली होती, आणि लोकांनी ते केल्यावर तिनेच त्याला गैरवापर म्हटले, असे रहिवाशांचे म्हणणे होते. काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. वापर मर्यादित ठेवणाऱ्यांना ७५ डॉलरचा दर राहिला. इतरांसाठी जानेवारी २००९ पासून ९५ आणि जुलैपासून १२५, असे टप्पे आले. तोपर्यंत कित्येकांनी बेटे सोडून दिली होती. जमीन पडद्यावरची असली तरी विश्वास खरा असतो, आणि तो तुटला की रिकाम्या बेटांवर नवे भाडेकरू येत नाहीत. २०१८ मध्ये कंपनीने बेटांचे मासिक शुल्क २९५ वरून २४९ डॉलरवर आणले.

आभासी जगाचा दाखला येथे देण्याचे कारण एवढेच की, त्यात प्रश्नाची हाडे स्वच्छ दिसतात. जमीन पुरविणारा एकच, तिचे नियम करणारा तोच, आकार ठरविणारा तोच आणि तक्रार ऐकणाराही तोच. घेणाऱ्याने मात्र एकदा पैसे गुंतविले की तो अडकला. कंपनीच्या ग्राहकाला निदान दार उघडे होते. बेट सोडले, महिन्याचे शुल्क थांबले, नुकसान झाले ते झाले. काळेवाडीच्या रहिवाशाला हे दार नाही. ज्या घराला बांधकाम परवानगी नाही, त्यावर बँक कर्ज देत नाही. विकावयास काढले तर भाव पडतो. मुलांची शाळा आणि स्वतःची पाळी याच परिसरात. त्याला सोडून जाता येत नाही, म्हणूनच त्याच्यावरचा आकार ठरविताना अधिक जबाबदारी हवी. प्रत्यक्षात ती कमी दिसते. २००६ मध्ये एका व्यापारी कंपनीने जुन्यांना जुना दर ठेवला, हे सूत्र सरकारला सुचू नये, हे खेदजनक आहे.

माफीनेही एक निराळे नुकसान होते, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ज्याने शास्ती भरली नाही त्याची ती माफ झाली. ज्याने पतसंस्थेचे कर्ज काढून वा बायकोच्या बांगड्या मोडून ती वेळेवर भरली, त्याला शेजाऱ्याकडे पाहून काय वाटले असेल? पगारातून मिळकतकर बाजूला काढणारा शिक्षक किंवा कारकून थकबाकी ठेवावयास घाबरतो. जप्तीची नोटीस दाराला लागेल या लाजेनेच तो भरतो. माफी देताना थकबाकीदार आणि नियमित करदाता यांना एकाच मापाने मोजले पाहिजे. भरलेल्या शास्तीची रक्कम पुढील वर्षांच्या करातून वळती करून देणे, हाच त्यातला न्याय्य मार्ग. अन्यथा पुढील आकाराच्या वेळी सारे शहाणे लोक थांबतील, आणि महापालिकेच्या तिजोरीचा हिशेब कोलमडेल.

नियमितीकरणाचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. नगररचना कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे प्रशमन शुल्क भरून नियमित करण्याची सोय झाली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. दोन्ही वेळा पिंपरी-चिंचवडमध्ये प्रतिसाद थंडच राहिला. लोकांना कायदेशीर व्हावयाचे नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचेही. अर्जासाठी लागणारे नकाशे, मोजणी, मालकीचे कागद यांत सामान्य माणूस दमतो. आरक्षणात येणाऱ्या घराला तर दारच बंद. २०१७ मध्ये उच्च क्षमता वर्तुळाकार मार्गासाठी थेरगाव, काळेवाडी, रहाटणी भागातील घरांवर टाच येऊ लागली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. ज्याला घर राहील की नाही हेच ठाऊक नाही, त्याने शुल्क कशासाठी भरावे? शिवाय आज शुल्क भरले आणि उद्या तेही माफ झाले तर, ही शंका शास्तीच्या इतिहासानेच त्याच्या मनात पेरली आहे.

नियमाने वागणाऱ्यांची स्थितीही अगदी निर्वेध नाही. प्राधिकरणाचे भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले. घर विकावयाचे, मुलाच्या नावे करावयाचे, तर हस्तांतरणाचे शुल्क आणि ना-हरकत दाखला हवा. जून २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित होऊन त्याचे क्षेत्र महापालिका आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांत वाटले गेले. ज्या संस्थेशी ९९ वर्षांचा करार केला, ती पन्नाशी गाठण्यापूर्वीच इतिहासजमा झाली.

महापालिकेला पैसा लागतो, आणि पाणी, कचरा, रस्ते यांचा खर्च कोणीतरी दिलाच पाहिजे, याविषयी वाद नाही. बेकायदा बांधकामाला मोकळे रान द्यावे, असेही कोणी म्हणणार नाही. मागणी आहे ती मर्यादित. जमिनीवर वा घरावर बसणाऱ्या प्रत्येक आकाराचा दर ठरावीक वर्षांसाठी बांधलेला असावा. वाढ करावयाची तर ती पुढच्या तारखेपासून आणि टप्प्याने व्हावी, मागील वर्षांना लावली जाऊ नये. आणि बिलावर कराच्या आकड्याबरोबर तो कोणत्या ठरावाने, कधीपर्यंत लागू आहे, हेही छापलेले असावे. शास्तीचा बोजा बांधणाऱ्यावर बसेल, विकत घेऊन राहणाऱ्यावर नव्हे, अशी दुरुस्ती कलम २६७ अ मध्ये विधिमंडळाने करावयास हवी. हे कलम २०२३च्या माफीने रद्द झालेले नाही. ते कायद्याच्या पुस्तकात आहे आणि नव्या बांधकामावर केव्हाही पुन्हा उगारता येते. अर्धा गुंठा घेणाऱ्याला ही गोष्ट आज त्या व्यवहारात कोणी सांगत नाही. ती सांगण्याची व्यवस्था महापालिकेने आपल्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात करावी. त्यासाठी मुंबईच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.