तरुणांशीं दोन शब्द : आकाशांतून उतरूं पाहणाऱ्यांस

गेल्या चातुर्मासांत एके सकाळीं आमच्या अक्काचा दूरध्वनि आला. आवाजावरूनच कांहींतरी बिनसलें आहे हें मीं ओळखलें. "अरे, तुझी भाची विमानांतून उडी मारायला शिकणार म्हणते! तूं दर महिन्याला त्या मासिकांतून लोकांच्या मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतोस. आतां घरच्या मुलीला एकच सांग. नको म्हणून सांग." भाची अमेरिकेंत एका विद्यापीठांत शिकते. वय २३; स्वभावानें अभ्यासू, पण एकदां मनानें घेतलें म्हणजे सहसा मागें फिरणारी नव्हे. मीं अक्काला "लिहितों" असें म्हटलें खरें. परंतु लेखणी हातांत धरल्यावर लक्षांत आलें कीं, ज्या विषयाची आपणांस माहिती नाहीं त्याविषयीं 'नको' म्हणणें हें शहाणपण नसून केवळ वडीलपणाचा अधिकार गाजविणें होय. म्हणून प्रथम वाचन केलें, जाणत्यांस विचारलें आणि मग पत्र लिहिलें. तें पत्र नकाराचें नव्हतें. आपल्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें आज परदेशीं आहेत आणि असा प्रसंग आणखी कोणाच्या घरीं येणारच नाहीं असें नाहीं. म्हणून त्या पत्रांतील मुद्दे या महिन्यांत येथें मांडतों.

प्रथम भीतीविषयीं. १३,००० फुटांवर विमानाचें दार उघडतें आणि खालीं शेतें सारीपाटाच्या घरांएवढीं दिसतात, तेव्हां ज्याच्या पोटांत गोळा येत नाहीं त्यास शिक्षकांनीं दुसऱ्यांदा तपासून पाहावें हें बरें. भय वाटणें ही लाजेची गोष्ट नव्हे. मात्र तें योग्य ठिकाणीं वाटावें. अमेरिकेंतील 'युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन' या संस्थेच्या नोंदीप्रमाणें २०२३ सालीं त्या देशांत सुमारें ३६ लक्ष ५० हजार उड्या झाल्या आणि त्यांत १० माणसें दगावलीं. दहा हा आंकडा लहान आहे. पण ज्या दहा घरांतून तीं माणसें गेलीं तेथें तो लहान नव्हता. तेव्हां धोका आहे कीं नाहीं, हा प्रश्नच उरत नाहीं. धोका कोठें आहे, हें विचारावयाचें.

याचें उत्तर वाचतांना मला आमच्या कोंकणांतल्या घरची विहीर आठवली. लहानपणीं आम्हां मुलांस पाठीला सुका भोपळा बांधून तिच्यांत सोडीत. आई काठावर जीव मुठींत धरून उभी असे. पण त्या विहिरीनें एकाही शिकाऊ मुलास अपाय केला नाहीं. अपाय झाला तो आमच्यांतील सर्वांत पटाईत पोहणाऱ्यास. वैशाखांत पाणी आटून खडक वर आला होता. भर पावसाळ्यांत ज्या काठावरून तो सूर मारी त्याच काठावरून त्यानें पाहुण्यांच्या देखत सूर मारला. त्याचा उजवा खांदा कायमचा अधू झाला.

हवाई छत्रीचा इतिहास पाहिला तर हीच गोष्ट दिसून येते. २८ एप्रिल १९१९ रोजीं अमेरिकेंत डेटन गांवाजवळ लेस्ली आर्व्हिन यानें विमानांतून उडी घेतली, आणि अधांतरीं असतां स्वतःच्या हातानें दोरी ओढून छत्री उघडली. ती उत्तम उघडली. पण जमिनीवर उतरतांना त्याचा घोटा मोडला. त्यास आतां शंभरांहून अधिक वर्षें झालीं. या काळांत छत्री न उघडण्याची भीति पुष्कळच ओसरली. उतरतांनाचा घोटा मात्र होता तसाच नाजूक राहिला आहे.

ती भीति कां ओसरली तेंही समजून घ्यावें. उडी घेणाऱ्याच्या पाठीवर एक सोडून दोन छत्र्या असतात. एक मुख्य आणि दुसरी राखीव. राखीव छत्री परवानाधारक कारागिरानेंच बांधावयाची, आणि ती वापरली गेली नसली तरी दर १८० दिवसांनीं उलगडून, तपासून पुन्हां बांधावयाची, असा अमेरिकेंतील नियम आहे. १९७० नंतरच्या दशकांत बिल बूथ या कल्पक गृहस्थानें तीन कड्यांची एक साधी युक्ति काढली. तिच्या योगानें बिघडलेली मुख्य छत्री एका ओढीसरशी खांद्यांपासून सुटी होते. १९९१ सालापासून 'सायप्रेस' हें जर्मन बनावटीचें स्वयंचलित यंत्र आलें. माणूस जमिनीच्या फार जवळ येऊनही वेगानें पडत असेल, तर तें स्वतःच राखीव छत्री मोकळी करतें. हें यंत्र विम्यासारखें समजावें. विमा उतरला आहे म्हणून कोणी चुलीजवळ रॉकेल सांडीत नाहीं. परंतु आकाशांत माणसें नेमकें तसेंच करतात, आणि बूथ यांनींच हें बोलून दाखविलें आहे कीं, साधनें जसजशीं सुरक्षित होतात तसतशीं माणसें अधिकाधिक धोका पत्करूं लागतात. चांगली उघडलेली, निर्दोष छत्री डोक्यावर असतां केवळ उतरतांना झालेल्या चुकीमुळें मरण पावणाऱ्यांचा वाटा अलीकडील अपघातांत मोठा आहे. त्यांत शिकाऊच असतात असें नव्हे. मुरलेले लोकही असतात.

आतां शिकण्याविषयीं. पहिली उडी बहुधा शिक्षकाच्या पुढ्यांत पट्ट्यांनीं बांधून घेऊन करतात. तींत सारा भार शिक्षकावर असतो. ती आवडली तर पुढें रीतसर शिक्षण सुरू होतें. एक संपूर्ण दिवस जमिनीवर शिकण्यांत जातो. नंतरच्या पहिल्या उड्यांत दोन शिक्षक दोन बाजूंनीं धरून असतात, मग एकच असतो, आणि पुढें विद्यार्थी एकटा उडी घेतो. किमान २५ उड्या, नेमून दिलेल्या गोष्टी आणि परीक्षा पार पडल्यावर पहिला परवाना मिळतो. या २५ उड्या भराभर उरकावयाचें सामान नव्हे. प्रत्येक उडीनंतर शिक्षक जो दोष दाखवील तो आपल्या नोंदवहींत आपल्या शब्दांत लिहून ठेवावा. स्तुतीही लिहावी, पण दोषाच्या खालीं.

पडतांना शरीराची कमान करावयाची असते. कंबर पुढें काढावी, हातपाय सैल मागें राहूं द्यावे, म्हणजे बॅडमिंटनचें फूल जसें जड बाजू खालीं करून येतें तसें शरीर आपोआप पोटावर स्थिर राहतें. भीतीनें अंग आखडलें कीं तें डळमळूं लागतें. म्हणून दार सोडण्यापूर्वीं एक दीर्घ श्वास घ्यावा.

या स्थितींत पडण्याचा वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटर असतो. म्हणजे एक हजार फूट संपावयास सहा सेकंदही पुरे लागत नाहींत. तीन हजार फुटांवर छत्री उघडली नाहीं, तर जमीन सुमारें १७ सेकंदांवर असते. एवढ्या वेळांत आपल्याकडील मनुष्य पायांतील वहाणाही काढून ठेवीत नाहीं. म्हणून मनगटावरील उंचीमापकाकडे वारंवार पाहावें. तेथें उंची म्हणजेच वेळ. पहिला परवाना मिळालेल्यानें तीन हजार फुटांच्या खालीं छत्री उघडूं नये असा नियम आहे. शिकाऊ विद्यार्थ्यास तर ती पांच हजारांच्या सुमारासच उघडावयास लावतात. छत्री उघडली कीं तीन प्रश्न विचारावे : ती आहे का? तिचा चौकोन पुरा भरला आहे का? ती वळते आणि थोपते का? एकाही प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असेल, तर अडीच हजार फुटांपूर्वीं निर्णय करून मुख्य छत्री सोडून द्यावी आणि राखीव उघडावी. 'थोडें थांबूं, सुधारेल' या विचारास तेथें जागा नाहीं.

हा निर्णय तेथें घ्यावयाचा नसतो; तो जमिनीवर आधींच घेऊन ठेवावयाचा असतो. आम्ही दिवेलागणीस परवचा म्हणत असूं. पावकी-निमकीचा अर्थ पुष्कळांस कळत नसे, पण झोपेंतून उठवून विचारलें तरी पाढा अडत नसे. संकटांत करावयाच्या कृतीचा असाच परवचा झाला पाहिजे : कोणती मूठ पाहावयाची, कोणती धरावयाची, कोणती प्रथम ओढावयाची. रोज, पट्टे बांधून, हातांनीं प्रत्यक्ष करून. बुद्धि गोंधळली तरी हातांस वाट सांपडावी, इतका तो पाठ असावा.

उतरण्याविषयीं मीं भाचीला सर्वांत अधिक लिहिलें. आजची चौकोनी छत्री ही नुसती छत्री नव्हे. ती एक पंख आहे आणि ती पुढें धांवत असते. वाऱ्याकडे तोंड करून उतरणें उत्तम. पण तें जमलें नाहीं आणि जमीन जवळ आली, तर वारा पाठीशीं असला तरी सरळच उतरावें. शेवटच्या घटकेस वळूं नये. वळतांना छत्री एका अंगावर कलते आणि सपाट्यानें खालीं येते. पाठीशीं वारा घेऊन उतरणारा धांवतो, लोळतो, कपडे मळवितो. जमिनीलगत वळणाऱ्यास हाडें मोडून घ्यावीं लागतात, आणि कित्येकांना तेवढ्यावरही सुटतां येत नाहीं. नजर पायांखालीं न ठेवतां समोर ठेवावी. दहाबारा फुटांवर दोन्ही दोऱ्या सारख्या खालीं ओढून वेग मारावा. पाय एकत्र, गुडघे किंचित् वांकलेले असावे. उभें राहतां येईल असा भरंवसा वाटला नाहीं, तर खुशाल लोळण घ्यावी : पावलें, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची कड, अशा क्रमानें. आणि शंभर उड्या झाल्या म्हणून लहान, चपळ छत्री घेण्याचा मोह होईल, तेव्हां वैशाखांतली विहीर आठवावी.

कांहीं बारीकसारीक गोष्टी. पडसें असतां उडूं नये. हवेचा दाब बदलतो तेव्हां कान व कपाळ भयंकर ठणकतें. आदल्या रात्रीं झोप पुरी व्हावी, आणि मद्याचा तर थेंबही नको. गळ्यांतील साखळी आणि बांगड्या घरीं ठेवाव्या. वेणी घट्ट बांधून शिरस्त्राणाच्या आंत घ्यावी. शिकाऊंसाठीं वाऱ्याची मर्यादा ताशीं १४ मैल आहे. ती ओलांडली कीं मित्र कितीही हंसोत, बांकावर बसून राहावें.

उदाहरण म्हणून कोणी मला शीतल महाजन यांचें नांव सुचवितील. पुण्याच्या या मराठी कन्येनें २००४ सालीं आपली अगदीं पहिली उडी उत्तर ध्रुवावर घेतली. २००६ सालीं दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिकावर घेतली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं थायलंडांत त्यांनीं नऊवारी लुगडें नेसून आकाशांतून उडी घेतली, तेव्हां आपल्या घराघरांतून कौतुक झालें, आणि तें योग्यच होतें. परंतु तें लुगडें शेंकडों उड्यांनंतरचें होतें, हें विसरूं नये. त्यांच्या पहिल्या उडीचें कौतुक करावें. तिची नक्कल करूं नये. अनुकरण करावयाचें तर त्यांनीं पुढें वर्षानुवर्षें चालविलेल्या अभ्यासाचें करावें.

शेवटची गोष्ट अशी कीं, दार उघडल्यानंतरही 'आज नको' असें म्हणण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. तिकिटाचे पैसे जातील. विमान तर परत जमिनीवर यावयाचेंच असतें. त्यांत बसून येण्यांत कांहींही कमीपणा नाहीं.

एवढें लिहून मीं पत्र पाठविलें, आणि अक्काचा रोष पत्करला. दोन महिने ती माझ्याशीं जेवढ्यास तेवढें बोलत होती. परवां भाचीचें उत्तर आलें. तिनें लिहिलें होतें : "मामा, नऊ उड्या झाल्या. दहाव्या वेळीं विमान वर चढत असतां शिक्षकांनीं नेहमीप्रमाणें संकटाचा क्रम म्हणावयास सांगितला. मी अडखळलें. पुन्हां म्हटला, पुन्हां अडखळलें. आदल्या आठवड्यांत परीक्षा होत्या, झोप नव्हती. मीं 'आज नको' म्हटलें. बाकी सगळे एकेक करून गेले आणि मी वैमानिकाच्या मागें एकटी बसून खालीं आलें. फार लाज वाटली. पण तुमचें पत्र खिशांत होतें."

तें पत्र मीं अक्काला वाचून दाखविलें. तिनें चष्मा काढला, पदरानें पुसला आणि पुन्हां एकदां वाचावयास सांगितलें. मग बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. शेवटीं म्हणाली, "परवचा चुकला म्हणून परत आली ना? मग शिकूं दे तिला."